न मोजलेले घास

तिळाचे लाडू वळता वळता मध्येच उठून रक्तातली साखर तपासू नये. ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती असं नाही. सांगितली होती. पण विमानातल्या बाई सीटबेल्ट कसा लावायचा ते ज्या सुरात सांगतात त्या सुरात सांगितली होती, आणि मीही विमानात जेवढं ऐकतो तेवढंच ऐकलं होतं.

संक्रांत होती. कॅनडातल्या रेजिनात संक्रांतीला पतंगबितंग कोणी उडवत नाही. नाक बाहेर काढलं तर ते जाग्यावर राहून परत आत येईल याचीच खात्री नसते. मंडळाच्या हळदीकुंकवासाठी लाडवांची जबाबदारी बायकोने घेतली होती आणि घेताना मला विचारलं नव्हतं, कारण मी त्या जबाबदारीचाच एक भाग होतो. ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून मी चटके खात लाडू वळत होतो. ती कढईतल्या पाकाकडे बघत होती आणि मधूनमधून माझ्या लाडवांकडे, म्हणजे ज्या नजरेने बघायला नको त्या नजरेने. तेवढ्यात माझ्या फोनने टुणकन आठवण केली की साखर तपासायची वेळ झाली.

मी शिस्तीचा माणूस, निदान त्या महिन्यात होतो. फडक्याला हात पुसले, बोटाला टोचलं, थेंब पट्टीला लावला. इथल्या मापात साखर पाच-सातच्या आसपास असावी लागते. मशीनवर जो आकडा आला तो बघून मला वाटलं, हे बाहेरचं तापमान दाखवतंय, फक्त वजाबाकीचं चिन्ह विसरलंय.

आता त्या मशीनचं असं की ते फोनला जोडलेलं, आणि फोन टोरांटोजवळच्या एटोबिकोत बसून माझ्या मधुमेहावर लक्ष ठेवणाऱ्या नर्सबाईंना. मी आकडा बायकोपासून लपवायचा विचार करत होतो तोवर तो दोन प्रांतांच्या सीमा ओलांडून तिकडे पोचला होता. लगेच फोन वाजला.

"चक्कर येतेय का?" नर्सबाईंनी विचारलं. "खूप तहान? डोळ्यांपुढे धूसर?"

त्यांनी विचारेपर्यंत मला काहीही होत नव्हतं. विचारल्याबरोबर तिन्ही व्हायला लागलं. मी भिंतीला टेकून हळूच म्हटलं, "थोडं थोडं."

"घरात कोण आहे?"

"बायको."

"त्यांना फोनवर येऊ द्या."

बायकोचे दोन्ही हात पाकाने माखलेले. तिने कोपराने स्पीकर लावला. नर्सबाईंनी विचारलं, "आत्ता हे काय करत होते?"

"लाडू वळत होते. गुळाचे."

पलीकडून एक आवाज आला. सरकारी नोकरीत किंवा दवाखान्यात खूप वर्षं काढलेली माणसं हसू दाबताना करतात तसा. "हात साबणाने धुवा," त्या म्हणाल्या. "नीट कोरडे करा. दुसऱ्या बोटाला टोचा."

धुतले. टोचलं. साखर आभाळातून खाली आली, पण जमिनीवर आली नाही, मध्येच गच्चीवर थांबली.

"हा जास्त खरा आहे," नर्सबाई म्हणाल्या, "पण हाही काही चांगला नाही. दुपारपासून काय खाल्लं?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"मग फुटलेले कोण खात होतं?" बायको म्हणाली.

"अगं, फुटका लाडू मोजत नाहीत."

हे मराठीत झालं. पण नर्सबाईंनी विचारलं, "ते काय म्हणाले?" आणि बायकोने त्याचं शब्दशः भाषांतर करून दिलं. माझ्या आजाराच्या इतिहासातलं ते पहिलं खरं वाक्य असावं, कारण त्यानंतर बरंच काही बदललं.

नर्सबाई आमच्या आयुष्यात कशा आल्या ते सांगायला हवं. मी ज्या कंपनीत आहे ती खेड्यापाड्यांतले पूल तपासून देते. सस्कॅचवानमध्ये खेडी विरळ आणि पूल भरपूर, त्यातले निम्मे जुने, लाकडी खांबांवर उभे. कंपनीने एकदा सगळ्यांना ईमेल पाठवला, की ज्यांना मधुमेह, रक्तदाब, दमा असले कायमचे पाहुणे आहेत त्यांना एक नर्स नेमून मिळेल. ती फोन करेल, डॉक्टर आणि फार्मसीशी बोलेल, कामावर काही अडचण असेल तर मार्ग काढेल. फुकट. शिवाय तुमचा आजार कंपनीला कळणार नाही.

ते शेवटचं वाक्य वाचून माझी खात्री पटली की कंपनीला सगळं कळणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. माझी साखर तेव्हा चांगली जुनी होती, आणि ऑफिसात मी ती कुणाला कळू दिली नव्हती. वाढदिवसाचा केक आला की मी बशी घ्यायचो आणि वॉशरूमच्या वाटेवर कुठेतरी ती विसरायचो. कारण एकच होतं. आमच्याकडे पूल बघायला पिकअप घेऊन एकट्याने लांब लांब जावं लागतं. डॉक्टरकडच्या कटकटी कळल्या की कंपनीवाले गाडीच्या किल्ल्या काढून घेतील आणि मला प्रिंटरशेजारच्या खुर्चीत बसवतील, ही माझी भीती.

लोकांना वाटतं त्या सपाट मुलखात बघण्यासारखं काय आहे. मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं. पण हिवाळ्यात नाला गोठला की बर्फावरून चालत थेट पुलाखाली जाता येतं. हातोडीने एकेक खांब ठोकायचा. भरीव खांब टणक वाजतो, आतून कुजलेला बद्द वाजतो. आजूबाजूला चिटपाखरू नाही, वर कोणाचा तरी धान्याचा ट्रक गडगडत जातो, आणि तो सुखरूप पलीकडे जातोय यात आपलाही थोडा वाटा आहे असं वाटतं. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला उणे तिशीत सुख वाटावं हे मी आईलाही कधी पटवून देऊ शकलो नाही. बायकोलाही नाही. पण ते होतं.

तर मी त्या योजनेत नाव घालणार नव्हतो. बायको खुर्चीमागे उभी राहिली, आणि मी बटण दाबेपर्यंत तिथून हलली नाही. अशा रीतीने मी स्वेच्छेने नाव घातलं.

पहिले काही महिने नर्सबाई दर पंधरवड्याला फोन करत आणि मी त्यांना "मजेत" असं सांगे. इंग्रजीत सांगे, पण बाणा मराठी. आपल्याकडे कसं काय विचारलं की मजेत म्हणायचं असतं. माणूस सलाइन लावलेला असला तरी म्हणतो. नर्सबाईंना हा शिष्टाचार ठाऊक नव्हता. त्या प्रत्येक वेळी "गुड, गुड" म्हणत आणि मग साखरेचे आकडे वाचून दाखवत, जे अजिबात मजेत नव्हते.

लाडवांच्या प्रकरणानंतर मात्र त्यांनी प्रश्नच बदलला. पुढच्या फोनला म्हणाल्या, "आज मला जेवणाचं सांगू नका. जे मोजत नाहीत ते सांगा."

मी म्हटलं, "तसं काही नाही."

बायको ओट्यापाशी होती. "प्रसाद," ती म्हणाली.

"प्रसाद म्हणजे?" नर्सबाई.

मी समजावून सांगितलं. देवाला आधी दाखवायचा, मग आपण घ्यायचा. नको म्हणायचं नसतं. शिरा असतो, थोडासाच.

"थोडासाच म्हणजे दोन वाट्या," बायको इंग्रजीत म्हणाली, म्हणजे नर्सबाईंना थेट कळावं म्हणून.

नर्सबाई जरा विचार करून म्हणाल्या, "देव त्यातली साखर काढून घेतो का?"

अशा प्रश्नाला आमच्या धर्मात उत्तर नाही. मग एकेक बाहेर यायला लागलं. चहा मोजत नाहीत, कारण चहा हे खाणं नव्हे. चहाबरोबरचं बिस्कीट मोजत नाहीत, कारण ते चहात गेलं. उभ्याने खाल्लेलं मोजत नाहीत. दुसऱ्याच्या ताटातलं मोजत नाहीत. उपासाचं तर मुळीच नाही, उपास म्हणजे न खाणं; मग त्यात साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा कितीही असो. मी जितका सांगत गेलो तितकी माझीच मला गंमत वाटायला लागली, आणि शेवटी शेवटी तर मी आठवून आठवून सांगत होतो, एखाद्याने आपल्या गावच्या जत्रेचं वर्णन करावं तसं.

"थँक यू," नर्सबाई म्हणाल्या. "आता मला तुमचे आकडे समजले."

त्याच फोनमध्ये बायकोच्या बोलण्याचा प्रश्न निघाला. नर्सबाई म्हणाल्या, "तुमच्या तब्येतीबद्दल तुमच्या पत्नीसमोर बोलायला मला तुमची परवानगी लागेल. नियम आहे."

मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सप्तपदी झालीय म्हणावं. त्यात सगळ्या परवानग्या आल्या."

"नाही देत म्हटलं तर?"

"द्या की नका देऊ. मी कुठे जाणारे? घर ओपन कन्सेप्ट आहे, मधे भिंतीच नाहीत."

दिली.

पुढे माझ्या डॉक्टरांनी एक नवी गोळी जोडली. नर्सबाईंनी ती गोळी मला लहान मुलाला समजवावी तशी समजावली. ही गोळी साखर ओढून खाली आणते. पोटात अन्न आहे की नाही हे ती विचारत बसत नाही. म्हणून जेवण चुकवायचं नाही. हातपाय थरथरले, घाम आला, डोकं चालेनासं झालं तर आधी ज्यूस प्यायचा, तपासायचं, गाडी चालवायची नाही, आणि मला कळवायचं. मी सगळ्याला हो म्हटलं. हो म्हणण्यात मी कायमच हुशार.

फेब्रुवारीत एका नाल्यावरचा पूल बघायला गेलो होतो. डबा पिकअपच्या मागच्या भागात ठेवला होता, कारण पुढच्या सीटवर नकाशे आणि हातोड्या. पुलाखालून वर यायला अपेक्षेपेक्षा उशीर झाला. डबा उघडला तर पोळीभाजीचा दगड झालेला. फ्लॉवरची भाजी हातोडीने ठोकली असती तर टणक वाजली असती. म्हटलं, जाऊ दे, घरी जाऊन जेवू, आणि पुढचा पूल करून टाकू.

दुसऱ्या पुलाखाली मला थंडी वाजायला लागली. उणे तिशीत थंडी वाजणं ही काही बातमी नव्हे, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण घाम येत होता, आणि थंडीत घाम येणं ही बातमी आहे. कसाबसा वर चढून गाडीत बसलो. किल्ली हातात होती आणि तिचं काय करायचं असतं ते आठवेना. असं लिहिताना विनोदी वाटतं, तेव्हा नव्हतं. दूरवर रस्ता सरळ, एकही गाडी नाही. ज्यूस मी घरीच ठेवला होता, फ्रिजमध्ये, अगदी समोर, विसरू नये म्हणून.

जॅकेटच्या खिशात हात गेला तर तिथे काटेरी हलव्याची पुडी होती. कुठल्यातरी हळदीकुंकवाहून बायकोने आणलेली आणि मी तिच्या नकळत खिशात घातलेली, अर्थात न मोजण्यासाठी. मी तो हलवा मुठीने तोंडात टाकला. हळूहळू किल्ली पुन्हा किल्लीसारखी दिसायला लागली. बराच वेळ बसलो, मग घरी आलो. आणि कोणालाही काही सांगितलं नाही. ना बायकोला, ना नर्सबाईंना.

पुढच्या फोनला नर्सबाईंनी विचारलं, "कसं चाललंय?"

"मजेत," मी म्हटलं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "परवा डबा भरलेला परत आला. आणि जॅकेटच्या खिशात हलव्याची रिकामी पुडी होती."

"भूक नव्हती," मी म्हटलं.

"भूक नव्हती आणि अख्खी पुडी संपली?"

नर्सबाईंचा आवाज एकदम हळू झाला. ओरडल्या असत्या तर मी भांडलो असतो. "हात थरथरत होते?" त्यांनी विचारलं.

"हं," मी घड्यांमधला एक सॉक उचलत म्हटलं.

"कुठे होतात तेव्हा?"

"गाडीत."

"गाडी चालू होती?"

"नाही. मला ती चालू करता येत नव्हती."

बायकोच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ती माझ्याकडे बघत होती आणि मी गालिच्याकडे.

नर्सबाई म्हणाल्या, "डॉक्टर औषध बदलून सगळं स्थिर होईपर्यंत कामासाठी गाडी चालवायची नाही. तुमच्या मॅनेजरला मी तुमचा आजार सांगणार नाही, तो सांगायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त एवढं सांगेन की सध्या यांना काय करता येणार नाही. तुम्ही हो म्हणालात तरच. पण मला वाटतं तुम्ही हो म्हणावं."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर बायकोला म्हणालो, "बघ, मी सांगत नव्हतो? ती बाई हेर आहे."

"ती नाही," बायको म्हणाली. "हेर मी आहे." आणि टॉवेलाची घडी पूर्ण करून वर गेली.

व्हिडिओवर मीटिंग झाली: नर्सबाई, माझा मॅनेजर आणि मी. नर्सबाईंचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. आवाजावरून मी एक कडक, उंच बाई कल्पिली होती. प्रत्यक्षात त्या निवृत्तीला आलेल्या, चष्मा कपाळावर चढवून तो शोधणाऱ्या निघाल्या. मॅनेजर शेतावर वाढलेला आडमाप माणूस, खुर्चीत मावत नाही. मी उत्तरांची जय्यत तयारी करून गेलो होतो. त्याने एकच प्रश्न विचारला, "ओके. याला काय काय लागेल?" का म्हणून विचारलंच नाही. माझी सगळी उत्तरं वाया गेली.

तर प्रिंटरशेजारची खुर्ची मिळाली. इतरांनी पाहिलेल्या पुलांचे रिपोर्ट वाचायचे, चुका काढायच्या. बायको खूश. बर्फात गाडी नाही, डबा मायक्रोवेव्हमध्ये, माणूस संध्याकाळी वेळेवर घरी. डॉक्टरांनी ती ओढाळ गोळी बंद करून दुसरी दिली. नर्सबाईंनी फार्मासिस्टशी बोलून वेळा बसवून दिल्या. न मोजलेले घास मी आता त्यांना न विचारताच सांगत असे, कधी कधी तर खाण्याआधी. आकडे गच्चीवरून जिना उतरायला लागले.

फक्त एक झालं. ज्याला बाहेर पूल तपासायला मिळत नाही तो घर तपासतो. मी हातोडी घेऊन बेसमेंटच्या भिंती ठोकल्या. जिन्याची तिसरी पायरी बद्द वाजते हे मी सगळ्यांना सांगितलं. डिशवॉशरमध्ये ताटं कशी लावावीत यावर माझं मत तयार झालं आणि मी ते रोज मांडू लागलो. मुलगी युनिव्हर्सिटीतून घरी आली असताना मी तिच्या खोलीच्या छताला टॉर्च लावून बघत होतो. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, सीरियसली? गेट अ हॉबी."

"ही हॉबीच आहे," मी म्हटलं.

"आई, प्लीज डू समथिंग."

तेवढ्यात मॅनेजरने मला बोलावलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "तुझे रिपोर्ट उत्तम आहेत. इथेच कायमचा बस की. हुद्दा वाढवून देतो. बाहेरच्या थंडीतून सुटशील." त्याला वाटलं, तो मला बक्षीस देतोय. मी म्हटलं विचार करून सांगतो. मराठी माणूस विचार करून सांगतो म्हणतो तेव्हा त्याला नाही म्हणायचं असतं. कॅनडियन माणसाला ते हो वाटतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती देवापुढे साखर ठेवेल. ती म्हणाली, "बरं." आणि पोळ्या लाटत राहिली. मीही म्हटलं, चला, पदरी पडलं आणि पवित्र झालं. या वयात बाकीचे लोकही खुर्चीतच बसतात.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंचा फोन आला. मी स्पीकर लावायच्या आत बायकोने फोन उचलला, लाँड्रीच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आत ड्रायर चालू होता. मी दाराला कान लावला तर मला फक्त ड्रायर ऐकू आला. ओपन कन्सेप्ट घरात लाँड्रीला तेवढं दार ठेवलंय, त्याचा उपयोग मला त्या दिवशी कळला.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि फोन माझ्या हातात दिला.

"तुमच्या पत्नीची विनंती आहे," नर्सबाई म्हणाल्या, "की घरातल्या जिन्याविषयी लेखी रिपोर्ट यायच्या आत तुम्हाला पुलांकडे परत पाठवावं." त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि या वेळी त्यांनी ते दाबलंही नाही. मग म्हणाल्या, "एक गोष्ट मी तुम्हाला आधीच विचारायला हवी होती. काय करता येणार नाही ते आपण सगळ्यांनी ठरवलं. तुम्हाला काय करायचंय?"

मी बायकोकडे बघितलं. ती सॉक्सच्या जोड्या लावत होती, एकदम गंभीरपणे, जणू त्यात चूक झाली तर पूल पडेल.

"मला बाहेर जायचंय," मी म्हटलं. "खुर्ची नकोय."

"मग तसं सुरक्षितपणे कसं जाता येईल ते बघू," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असं काही होतं की जणू त्यांचं खरं काम आत्ता सुरू झालं.

पुढचे काही आठवडे त्यांनी डॉक्टर, मॅनेजर आणि मला एका सुतात ओवलं. नव्या गोळीवर साखर खाली कोसळत नाही याची डॉक्टरांनी खात्री केली. एकट्याने जायचं नाही, जोडीला कोणीतरी. दुपारी बाराला जेवण, मग पूल पडत असला तरी. किल्ली फिरवण्याआधी बोट टोचायचं. मशीन, औषध आणि ज्यूस जॅकेटच्या आत, अंगाशी, म्हणजे गोठणार नाहीत. डब्याचा प्रश्न मात्र त्यांना सुटेना. तो बायकोने सोडवला. "कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी," ती म्हणाली. "मुळातच कोरडी. गोठायला तिच्यात पाणी पाहिजे ना." नर्सबाईंनी विचारलं, हे क्रॅकरसारखं असतं का. बायको म्हणाली, "क्रॅकर याच्यापुढे मऊ." त्यांनी भाकरी किती आणि चटणी किती ते ठरवून दिलं. चटणी मोजायची, असंही बजावलं.

दुसऱ्या मीटिंगमध्ये मॅनेजरला मी स्वतःच माझी साखर सांगितली. नर्सबाईंनी सांगायला लावलं नव्हतं. मलाच ती केकची बशी कुठेतरी लपवत फिरायचा कंटाळा आला होता. मॅनेजर म्हणाला, "माझ्या वडलांनाही आहे." मग डोकं खाजवून म्हणाला, "मला वाटलं तुला आत बसायला आवडेल. जानेवारीत सगळ्यांनाच आवडतं."

जोडीला त्याने आमच्यातला एक जुना टेक्निशियन दिला, ज्याचं घड्याळ पोटात आहे. एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही दोघं निघालो. बर्फ वितळत होता, नाल्यातून पाणी खळखळत होतं, म्हणून पुलाखाली जाता आलं नाही. काठावरून जमेल तेवढं बघितलं. बारा वाजायच्या आधीच त्याने हाक मारली, "लंच." गाडीच्या बॉनेटवर भाकरी मांडून आम्ही जेवलो. त्याने एक तुकडा चटणीत बुडवून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितला. माझ्या वाटणीचं मीच खायचं असा मला वैद्यकीय सल्ला होता, पण मी दिला. मी बोट टोचलं. आकडा असा होता की त्याविषयी इथे सांगण्यासारखं काही नाही, आणि त्याचाच मला केवढा आनंद झाला. मग हातोडी घेऊन काठावरचा खांब ठोकला. टणक.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. बायको दारातच उभी होती. जॅकेट काढता काढता मी जरा ऐटीत म्हटलं, "सगळं नीट झालं. नर्सबाई म्हणतात, आता महिन्यातून एकदाच फोन करतील." मग बरेच दिवस मनात होतं ते विचारून टाकलं, "त्या दिवशी लाँड्रीत तू त्यांना खरंच असं सांगितलंस, की मला कंटाळलीयेस, यांना पाठवा?"

"कंटाळले तर होतेच की," ती म्हणाली. "पण संध्याकाळी खिडकीपाशी बसून चहा गार करायला लागला होतात. बिनसाखरेचा झाला म्हणून काय झालं, तुम्ही कधी गार केला नव्हतात. ते काही मला बघवेना."